ओ कुणी दिली

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची कोल्हापुरात! उचगावात खोली मिळाली, आतून कडी लावता येणारी. येताना उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, प्रत्येकाचं गाणं वेगळं, पण आज त्याचाही राग आला नाही. घरमालकीण चिमणाबाईंनी नाव विचारलं. मी अनुजा म्हणून सांगितलं आणि तेवढंच सांगून थांबता आलं, याचा भलताच आनंद झाला. जेवणाचा डबा त्याच देणार. मला चुलीपाशी उभं राहायचं नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. त्या हसून म्हणाल्या, "बरं हाय की, नोकरीवाली बाई."

नोकरी एका मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये. जयसिंगपूरचं सासर सोडलं, मिरजेला वसतिगृहात राहून मेडिकल रेकॉर्डचा कोर्स केला, तो याच खुर्चीसाठी. हातकणंगल्याला आईने अबोला धरलाय. सासरहून मात्र इतक्या महिन्यांत ना फोन आला, ना कुणी न्यायला आलं. नशीबच म्हणायचं. काम नीट केलं तर उन्हाळ्यापर्यंत कायम करतील. कायम झाले की कुणाच्या दारात परत जायची वेळ येणार नाही. बस, एवढंच हवंय मला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

काम समजलं. आमचे साहेब हंबीरराव निवृत्तीला आलेत, पण आवाज असा की शेजारच्या एक्स-रेवाल्याच्या हातून फिल्म पडावी. जुने केस पेपर कॉम्प्युटरवर चढवताना एकेका पेशंटचे दोन-दोन नंबर झालेत. कॉम्प्युटर जन्मतारीख आणि आधार जुळवून अशा जोड्या समोर आणतो. आपण खात्री करायची आणि दोन्ही नंबर एकत्र जोडायचे. ज्याच्यावर जास्त नोंदी तो राहतो, दुसरा बंद होतो. हंबीररावांनी बजावलं, "येक माणूस, येक नंबर. आन येकदा जोडलं की ब्रह्मदेवाला बी सुटत न्हाय."

जोड्यांत बहुतेक बायकाच आहेत. एक नंबर माहेरच्या नावाचा, एक सासरच्या. माहेरच्या नंबरावर लहानपणीची एखादी कावीळ असते, सासरच्यावर बाळंतपणं. त्यामुळे माहेरचं नाव जवळजवळ नेहमीच बंद होतं. दिवसभर बटण दाबून दाबून बोटं दुखली.

मलाही लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून नवीन नाव दिलं होतं, संयोगिता. त्या नावाला ओ द्यायचं मला कित्येक दिवस सुचायचंच नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या की आम्ही सून बहिरी केली. आज ते आठवून चक्क हसू आलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज कॉम्प्युटरने माझीच जोडी समोर आणली.

अनुजा नावावर एकच नोंद, इथे रुजू होताना केलेल्या तपासणीची. संयोगिता नावाचा नंबर जुना आहे. सासरी असताना सारखा थकवा येतो म्हणून माझा नवरा यशराज मला एकदाच इथे घेऊन आला होता. एकदाच. आता त्या नंबरावर नोंदींची रांग लागली आहे. बाकीच्या सगळ्या मी घर सोडल्यानंतरच्या. शेवटची गेल्या शुक्रवारची. तक्रार : थकवा, हातपाय गळून जाणे.

शुक्रवारी मी दिवसभर या खुर्चीत होते.

हंबीररावांच्या मते यात नवल नाही. "दुसरी केली असंल त्यानं, आन कागदं तुझी चालवतोय." पटलं मला. संतापही आला आणि थोडं हायसंही वाटलं. तरी जोडीवर बोट ठेवायचा धीर झाला नाही. 'नंतर' दाबून ती बाजूला सारली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

थकले आहे. रात्रभर गाढ झोपते आणि उठते ती अंग पिळून काढल्यासारखी. मनगटं दुखतात. नखांत वाळलेलं पीठ सापडलं. केसांना फोडणीचा वास येतोय, दोनदा धुतले तरी.

चिमणाबाईंनी माझा हात धरून उलटापालटा केला. चुलीकडं यायचं न्हाय म्हणालीस, मग हे पीठ कुठलं, असं विचारत होत्या. मी हात सोडवून नळाखाली धरला.

ती जोडी पुन्हा यादीत सगळ्यात वर. पुन्हा 'नंतर'.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आईचा फोन आला. आवाजात इतकी माया की मला रडूच फुटलं. म्हणाली, काल जयसिंगपुरातून तुझा फोन आला, बरं वाटलं बाई, अशीच नांद. मी म्हटलं, अगं, मी कोल्हापुरात आहे, नोकरी करते. ती हसली. चेष्टा पुरे म्हणाली, आणि पाठीमागून भांड्यांचा आवाज येत होता तुझ्या, सासूबाईंना नमस्कार सांग.

म्हणून कुणी न्यायला आलं नाही. त्यांच्या घरातून कुणी गेलंच नाही.

माझी भीती वाटते आहे मला. असं वाक्य होत नाही, पण दुसरं सुचत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

भर दुपारी, माणसांनी भरलेल्या ओपीडीत. मी फायली पोचवायला गेले होते. दारातल्या मावशींनी पुकारलं, "संयोगिता!" माझं तोंड उघडलं. पण ओ समोरच्या बाकावरून आली.

आवाज माझा.

डोक्यावर पदर, हिरव्या बांगड्या. शेजारी यशराज, मोबाइलमध्ये मान घातलेला. मी वाटेत उभी होते. त्याने वर बघितलं, अगदी सरळ माझ्या तोंडाकडे, आणि म्हणाला, "बाई, जरा सरका की."

मी सरकले.

ती माझ्याजवळून गेली. तिच्या मनगटावर तव्याचा ताजा चटका होता. डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. एवढी दमलेली बाई मी कधी पाहिली नाही. हळूच म्हणाली, दमले गं. आता तू ये.

संध्याकाळी डबा उघडताना पाहिलं. माझ्या मनगटावर, त्याच जागी —

शनिवार, २२ नोव्हेंबर

जिना चढवत नाही. दर दोन पायऱ्यांना बसते.

हंबीररावांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. माझ्यापुढे चहा ठेवला, बशीत ओतून दिला. रगत कमी हाय तुझं, रजा घे, म्हणाले. मी हात जोडले, ती एक जोडी तेवढी ठेवा. ते म्हणाले, सोमवारी तपासणीवाले येणार, यादी मोकळी पायजे, न्हायतर तुला कायम करणार न्हाईत.

चांगला माणूस आहे. माझंच भलं बघतोय. तेच —

सोमवार, २४ नोव्हेंबर

उठताच आलं नाही. पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

यादी मोकळी होती.

हंबीरराव दारातच भेटले, खुशीत. मी विचारलं, माझी जोडी? कुठला नंबर राहिला?

माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी मऊ आवाजात, हा आवाज ते फक्त पेशंटशी बोलताना काढतात — "ताई, केस पेपर तिकडं खिडकीला मिळंल."

माझ्या खुर्चीवर फायलींचा गठ्ठा. टेबलावर माझा डबा नाही, पाण्याची बाटली नाही. मी ओरडले, मी अनुजा. मावशी आल्या. दंडाला धरून बाकावर बसवलं. चक्कर येतीया का, विचारलं.

हातात बांगड्या. कधी —

बाकावर शेजारी कुणी नव्हतं. जागा अजून गरम होती.

बाहेर यशराजच्या गाडीचा हॉर्न. पाय आपोआप —

मंगळवार

जयसिंगपूर. पिठाच्या डब्यामागे बसून लिहिते आहे. वही कमरेला खोचून आणली, कशी ते आठवत नाही.

पहाटेपासून भाकऱ्या. कुणीच विचारलं नाही कुठे होतीस. कुठे असणार?

आईला फोन लावला. म्हणाली, कालच तर बोललो.

चिमणाबाई डबा भरून वाट बघत असतील. कुणाची? नाव सांगितलं होतं मी त्यांना, लगेच, ताठ मानेने. काय बरं —

सासूबाईंनी हाक मारली. संयोगिता.

मी ओ दिली. लगेच. एका हाकेला.

नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय माझं नाव. बघून लिहिते. अ