मोरितासाहेबांचा झाडू

६ जानेवारी, सोमवार

नाही म्हटलं मी! सगळ्यांसमोर, साकीनाक्याच्या युनिटमध्ये मधोमध उभं राहून.

झालं असं — जपानहून सहा महिन्यांसाठी आलेल्या मोरितासाहेबांनी सकाळी सगळ्यांच्या हाती झाडू दिले. त्यांच्याकडे म्हणे काम सुरू करण्याआधी मोठ्या साहेबापासून शिकाऊपर्यंत सगळे मिळून जागा झाडतात. सगळ्यांनी घेतले. मी नाही. मला मशीनचे पार्ट तपासायला ठेवलंय, मी तेच करणार.

साहेबांचा चेहरा पडला. मग स्वतःच वाकून माझ्या टेबलाखालचा कचरा काढू लागले. मला लाज वाटावी म्हणून असेल. नाही वाटली.

७ जानेवारी

आईला सांगितलं. कांदिवलीच्या सोसायट्यांचे जिने झाडून तिने मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, हसत दिला तरी झाडू तो झाडूच.

९ जानेवारी

व्हायचं तेच झालं. अकाउंट्सचा अनिरुद्ध — पार्ल्याचा, घरच्या तीन पिढ्या ऑफिसात गेलेल्या — फोटो काढून होईपर्यंत झकास झाडत होता. आता त्याची कंबर धरलीय. माधुरीला धुळीची ॲलर्जी. फिरत फिरत सगळे झाडू आले कुणाकडे? दादूकडे. लेथवरचा कसलेला कारागीर, पण आमच्यासारखाच बौद्ध. साहेबांना वाटतंय त्याला आवड आहे! पाठ थोपटली त्याची. दादू मान खाली घालून उभा. राग आला मला त्याचाही.

अनिरुद्धला विचारलं तर हसत म्हणतो कसा, "चिडतेस काय गं? तुम्हा लोकांना सवय असते ना."

"आम्हाला आता नाही म्हणायची सवय आहे रे," म्हटलं.

१० जानेवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. एप्रिलमध्ये ट्रेनिंगसाठी मला जपानला पाठवायचं चाललं होतं, ते आता कठीण आहे म्हणाले. कामाच्या जागेचा मान न ठेवणाऱ्या माणसाला तिथे कसं न्यायचं?

मग मी बोललेच. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण सगळं. माझे आजोबा गाव झाडायचे, कारण तसा जन्म होता. आईने जिने झाडले, कारण दुसरं काम कुणी देईना. तुम्ही झाडलंत तर लोक म्हणतात, केवढा साधा माणूस! मी झाडलं तर म्हणतात, आली आपल्या जागेवर.

साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं, पुन्हा बसले, समोरचे कागद सरळ करत राहिले. शेवटी मीच निघाले. गेलं जपान तर गेलं! खड्ड्यात गेलं.

घरी आल्यावर रडले. जायचं होतं मला.

१३ जानेवारी

आज साहेबांनी दादूच्या हातातला झाडू काढून अनिरुद्धच्या हातात दिला. त्याने कंबर दाखवली. साहेबांनी शांतपणे त्याच्यासाठी खुर्ची ओढली, फडकं दिलं — बसून मशीन पुसायची. दादू खोकल्याच्या नावाखाली बाहेर जाऊन हसून आला. माझ्यापुढे झाडू आलाच नाही. आला असता तरी घेतला नसता.

१४ जानेवारी

संध्याकाळी सगळे गेल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले. बसले नाहीत. म्हणाले, आमच्याकडेही वेगळ्या ठेवलेल्या वस्त्या आहेत, मेलेली जनावरं ओढणाऱ्यांच्या, कातडं कमावणाऱ्यांच्या. लग्न जुळवताना अजूनही लोक गुपचूप चौकशी करतात, घराणं कुठलं.

"माझे वडील तिथले. माझ्या बायकोला माहीत नाही."