अक्काचा आवक शिक्का

५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या नियमाप्रमाणे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हाताने पत्र लिहायला बसलो आहे. जगात हा उद्योग करणारं आपलंच घर उरलं असेल. मागे आलो होतो तेव्हा पाहिलं, तू माझ्या पत्रांवरसुद्धा आवक क्रमांक टाकतेस, तारखेचा शिक्का मारतेस आणि फाइलला लावतेस. अक्का, कामगार कार्यालयात बत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसलीस, निवृत्त होऊनही चार वर्षं झाली. आता तरी तो शिक्का खाली ठेव! इथे परदेशात मी हा किस्सा सांगतो तेव्हा लोक पोट धरधरून हसतात.

कंपनी जोरात आहे. तुमच्या तिकडचे पाच जण माझ्यासाठी घरबसल्या काम करतात. आपल्या मधलीची लेक चिमी तर दोन वर्षं आहेच. इथल्या एका माणसाच्या खर्चात तिकडे तिघं येतात. तिकडे कचेरी नाही, नोंदणी नाही, तुझ्या त्या खात्याचं तोंड बघायला नको. करारात प्रत्येकाला ‘स्वतंत्र सल्लागार’ म्हटलं की झालं. वकिलाने अर्ध्या पानात बसवून दिलं. तुझ्या कार्यालयातल्या लोकांना हे कळायला आणखी बत्तीस वर्षं लागतील.

चिडू नकोस. माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा
बापू


१९ फेब्रुवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आवक क्रमांक ३१. लोक पोट धरून हसतात हे वाचून नवल वाटलं नाही. तुझ्या बोलण्यावर लहानपणापासून हसतात, तुला उशिरा कळलं एवढंच.

असले स्वतंत्र सल्लागार माझ्या टेबलावरून पुष्कळ गेले. एकाच कारखान्याच्या फाटकावर चार वर्षं उभा असलेला एक रखवालदार होता, तोही कागदावर सल्लागार. कुणाला सल्ला देत होता, ते फाटकालाच ठाऊक. बापू, नाव काय दिलंय हे कोणी बघत नाही. काम किती वाजता सुरू करायचं हे कोण ठरवतं, सुट्टी कोण देतं, दुसऱ्याचं काम घेता येतं का, हे बघतात. चिमीच्या बाबतीत हे सगळं कोण ठरवतं? उत्तर जरा विचार करून लिही.

सरळ मार्ग अवघड नाही. इथे कंपनी काढायची नसेल तर नोंदणी असलेल्या संस्था आहेत. त्या तुझी माणसं आपल्या पटावर घेतात, पगार, कर, विमा, रजा सगळं इथल्या कायद्याने करतात, आणि त्यांचा खर्च तू भरतोस. पण त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, म्हणून तुला सुचलं नसावं.

आणखी एक. चिमीला पाचवा महिना लागलाय. तुला सांगायला ती घाबरते. भाचीने मामाला घाबरावं, हे तुझं मोठेपण! तिला बाळंतपणाची रजा मिळावी आणि रजेनंतर तीच नोकरी मिळावी, मला दुसरं काही नको.

आशीर्वाद आहेत, ते पुरवून वापर.

तुझी
अक्का


६ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू पत्र लिहितेस की नोटीस पाठवतेस? विचार कसला करायचा त्यात! चिमी सकाळी नऊच्या ठोक्याला कॅमेऱ्यासमोर हजर असते. एक मिनिट उशीर झाला तरी मला इथे दिसतं. जेवायला अर्धा तास, तोही मी ठरवलेला. माझ्या परवानगीवाचून एक दिवस सुट्टी घ्यायची तिची छाती नाही. मध्यंतरी दुसऱ्याचं लहानसं काम घेतलं होतं, मी असा दम भरला की तिने कानाला खडा लावला. मागच्या आठवड्यात दवाखान्यात जायला दोन तास मागत होती, तेही दिले नाहीत. माणसं अशी ताब्यात ठेवावी लागतात, उगाच नाही कंपनी चालत.

रजेचं म्हणशील, तर सल्लागाराला बाळंतपण नसतं. त्यापेक्षा तिचा करारच संपवतो. भाची म्हणून प्रेमानेच करतोय, तिच्या डोक्याला ताप नको. तुझ्या खात्याला काय करायचं ते करू दे. त्यांना माझा पत्तासुद्धा सापडणार नाही.

राग सोडून माया तेवढी ठेव.

तुझा
बापू


२२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल मामाने काम थांबवलं. सकाळी नऊला बसले तर संगणकावर कंपनीचं काही उघडेचना. दोन वर्षांचे निरोप, हजेरी, त्याच्या सूचना, सगळं त्याच्या हातात राहिलं. माझ्याकडे फक्त तो अर्ध्या पानाचा करार आहे, आणि त्यात मी स्वतंत्र आहे.

डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. पलंगावरून समोर कपाट आणि खिडकीच्या मध्ये कोंबलेलं माझं टेबल दिसतं. पसारा दिसू नये म्हणून मामाने खुर्चीमागे पांढरी चादर बांधायला लावली होती, ती अजून तशीच आहे. आई म्हणते, घरचा माणूस आहे, जाऊ दे. मला नाही जाऊ द्यायचं, मावशी. मी मन लावून काम केलंय, मला ते परत हवंय. पण तो माझा मालक होता हे दाखवू कशावरून? बाकीचे चौघं घाबरून गप्प आहेत.

तू आहेस म्हणून लिहिलं.

तुझी
चिमी


२ जुलै

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

चिमीला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

चिमीच्या तक्रारीवर कामगार कार्यालयात सुनावणी झाली, तिला तू पडद्यावर होतास, पण अधिकाऱ्याचं टेबल तुला दिसत नव्हतं, म्हणून कळवते. तुझ्या वकिलाने सांगितलं की ही बाई मनाला येईल तेव्हा काम करणारी सल्लागार. अधिकाऱ्याने चिमीला पुरावा विचारला. मी आवक क्रमांक ३१ आणि ३४ पुढे ठेवले. मधले दोन विजेचं बिल आणि गॅसची पावती, ते दिले नाहीत. नऊचा ठोका, अर्धा तास जेवण, दम, दवाखाना, सगळं तुझ्याच सुंदर अक्षरात. वकील म्हणाला, ही पत्रं आता लिहून घेतली नाहीत कशावरून? अधिकाऱ्याने माझा तारखेचा शिक्का बघितला आणि पहिल्यांदाच हसला. तुला विचारलं की अक्षर तुमचं का, तेव्हा तुझा आवाज गेला. यंत्र बिघडलं असं नंतर कळवलंस. पत्ता शोधायला त्रास पडला नाही, पाकिटाच्या मागे होता.

निकाल तुला मिळालाच असेल. पाचही जण नोकर ठरले. त्यांना इथल्या संस्थेच्या पटावर घ्यायचं, चिमीला रजा द्यायची आणि रजा संपली की तिची जागा तिला द्यायची. फेब्रुवारीत मी हेच फुकट सांगितलं होतं.

तू मधलीला फोन करून म्हणालास की अक्काने घरची पत्रं चव्हाट्यावर आणली. आणली. हात जड झाला होता तेव्हा, खोटं कशाला सांगू. आपण लांब गेलो तरी एकमेकांची चौकशी करावी, म्हणून बाबांनी ती लिहायला लावली होती. पुराव्यासाठी तुझी अकरा वर्षांची पत्रं मी पुन्हा वाचली. माझा गुडघा कसा आहे, असं तू एकदाही विचारलेलं नाहीस. मला वाटायचं विचारलं असशील.

बाळाचं मामाला कळवू का, असं चिमीने विचारलं. मी म्हटलं, कळव की, तू त्याची भाची आहेस, सल्लागार नाहीस.

उत्तर पाठवलंस तर शिक्का बसेलच, हाताची सवय आता जायची नाही. लोभ आहे. त्याची नोंद मात्र कुठे केलेली नाही.

तुझी
अक्का