आतून दोन ठोके

२ एप्रिल १९८६

आज चिकलठाण्याच्या रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सला अप्रेंटिस म्हणून रुजू झालो. फुलंब्रीहून ट्रंक घेऊन गारखेड्याला आवडाआत्याकडे उतरलो. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच पाणी भरायला लावलं, म्हणजे पाहुणचार उंबऱ्यावरच संपला. आयटीआयला मी पहिला आलो होतो. इथं हातात काय दिलं, तर चिंध्या आणि रॉकेल. दिवसभर बोल्ट पुसले, तरी मजा आली.

माझे मिस्त्री कडूबा. माझं नाव सांडू ऐकून हसले. माझ्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईनं हे नाव ठेवलं. त्यांच्याही घरी तीच कथा. म्हणाले, दोघं बी नकोशा नावाचे, आपल्याला काय व्हत नाय.

मग त्यांनी माझा खिसा पाहिला. त्याला बटण नव्हतं. उद्या बटण लावून ये, नायतर येऊच नको, असं तोंडावर सांगितलं. आत्यानं जुन्या सदऱ्याचं बटण काढून लावून दिलं. आयटीआयमध्ये हा धडा नव्हता.

ही छोटी डायरी मागच्या खिशात ठेवणार आहे. काम शिकेन तसं लिहीन.

९ एप्रिल

बटणाचं कोडं सुटलं. आमच्याकडे रंग दळायचं एक यंत्र आहे. आडवं, खोलीएवढं लोखंडी पिंप, आत दगडी गोटे. ते फिरलं की गोटे रंग दळतात. सगळे त्याला ढोल म्हणतात. आतलं अस्तर झिजलं की माणसानं झाकणातून सरपटत आत जायचं आणि ते बदलायचं. जायच्या आधी विजेच्या पॅनेलमधले तीन फ्यूज त्यानं स्वतः उपसायचे, खिशात घालायचे आणि बटण लावायचं. ज्याचा जीव आत, त्याच्याच खिशात फ्यूज, असं मिस्त्री म्हणतात. मालक मागायला आला तरी द्यायचे नाहीत.

दुसरा नियम ठोक्यांचा. ढोल चालू करण्याआधी बाहेरच्यानं पान्यानं दोन ठोके द्यायचे. आत कुणी असेल तर तो दोन ठोक्यांनी जवाब देतो. जवाब आला की ढोल चालू करायचा नाही.

आज पहिल्यांदा आत गेलो. बाहेर पत्र्याखाली अंग भाजत होतं, आत मात्र रांजणाच्या पोटासारखं गार. जरा टेकावंसं वाटलं, तोच मिस्त्री बाहेरून खेकसले. आत बसायचं नाय, पाठ टेकायची नाय.

२६ एप्रिल

आता मला यंत्राचं दुखणं ऐकू येतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावायची. आज पंपाचं बेअरिंग जाणार हे मिस्त्रींच्या आधी मी सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही, पण आपला लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या पेटीत टाकला. जेवताना माझी अर्धी भाकरी नेहमीप्रमाणे पळवली. पुढच्या महिनाअखेरीस ते निवृत्त होणार आहेत. हा माणूस मला बापासारखा वाटतो; हे त्यांना सांगितलं तर पाना फेकून मारतील.

४ मे

अस्तराचं काम झालं. शेवटी मीच बाहेर आलो, बॅटरीनं आत पाहिलं, झाकण लावलं. नियम म्हणून दोन ठोके दिले.

आतून जवाब आला. दोन, हलके.

कुणी चेष्टा करतंय म्हणून ढोलाला फेरी मारली. झाकण उघडून पाहिलं. कुणीच नव्हतं. मिस्त्री आले. त्यांनी ढोलाला हात लावला, झाकणाशी तोंड नेलं आणि तान्ह्याला थोपटावं तसं बोलले, बरं बरं, झोप बाळा. मग पुन्हा दोन ठोके दिले. या वेळी जवाब नाही. मला म्हणाले, लाव फ्यूज.

५ मे

कॅन्टीनच्या भागूबाईला विचारलं. आधी म्हणाली, जाऊ दे नं बाबा. मग पदर तोंडाला लावून सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी मुंजाबा नावाचा अप्रेंटिस होता, मिस्त्रींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्या दिवशी तो बिनखिशाची बंडी घालून आला. म्हणून फ्यूज मिस्त्रींनी आपल्या खिशात ठेवले. मधेच त्यांना दुसऱ्या यंत्रावर बोलावलं. परत आले तर झाकण कुणीतरी लावलेलं. त्यांनी नियमानं दोन ठोके दिले. जवाब आला नाही. त्यांना वाटलं, पोरगं बाहेर पडलं. फ्यूज लावले.

मुंजाबा गारव्याला झोपला होता.

भागूबाई म्हणाली, तवा नाय दिला, तो जवाब आता देतंय लेकरू. मला भीती वाटायला हवी होती. मोरीवर जाऊन रडलो.

२० मे

आता दर वेळी जवाब येतो. मिस्त्री झोप म्हणाले की थांबतो. मी म्हणून पाहिलं, थांबला नाही.

मिस्त्री आज जेवले नाहीत. म्हणाले, मी गेल्यावर त्याला कोण झोपवील? पोराला असं आत ठेवून घरी जायला माझा पाय निघत नाय. उद्या सुट्टी आहे, कारखाना बंद. त्याला बाहेर आणतो.

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो.

२१ मे

फ्यूज त्यांनीच काढले. खिशात घातले, बटण लावलं. मी बाहेर.

ठोके दिले. दोन हलके आले, मग दोन जड. जड म्हणजे मिस्त्रींचे. जिवात जीव आला.

थोड्या वेळानं पुन्हा दिले. फक्त हलके आले.

मी आत गेलो. मिस्त्री पाठ टेकून बसलेले, डोळे मिटलेले, पाय पसरलेले. हात मांडीपाशी, कुणाच्या डोक्यावर ठेवावा तसा. अंग ढोलाइतकंच गार.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. फ्यूज त्यांच्या खिशात होते. आता माझ्या खिशात आहेत.

२४ मे

साहेब म्हणतात, ढोल चालू करा. ठोके दिले.

दोन हलके. मग दोन जड—

मी झाकणाशी बसून झोपा म्हणालो. मिस्त्री, झोपा. हात जोडले. ते माझं ऐकत नाहीत. ते दोघं आत आहेत आणि मी त्यांच्यावर गोटे कसे फिरवू?

फ्यूज दिले नाहीत. आत्या म्हणते फुलंब्रीला जा. कसा जाऊ—

२५ मे, सकाळ

साहेबांनी दुसऱ्या खात्यातला वायरमन बोलावलाय. तो स्टोअरमधून नवे फ्यूज आणणार. म्हणजे माझ्या बटणाला आता अर्थ नाही. ठोक्यांचं सांगितलं, तर साहेब म्हणाले गोटे सरकतात त्याचा आवाज आहे, जवाबबिवाब काही नाही.

तो चहाला गेलाय. तेवढ्यात दोघांना बाहेर—

२५ मे

आत आहे. बॅटरी मंद झालीय.

इथं कुणी नाही. पण अस्तरापाशी दोन माणसं सरकून जागा करतात तशी जागा— मी टेकलो. क्षणभरच. मिस्त्री खेकसले नाहीत.

किती गार आहे.

मांडीवर वजन आलंय. डोक्याएवढं. हात ठेवला. केस लागतात हाताला, धुळीनं राठ झालेले. झोपलंय.

बाहेर ठोके. दोन.

मी पान्यानं जवाब दिला. दोन. माझ्यानंतर दोन हलके, दोन जड.

बाहेर वायरमन हसतोय. म्हणतोय साहेब खरं बोलले, गोटेच—

झाकण लावलं. ओरडायला हवं, उठायला हवं. पण लेकरू आत्ताच कुठं शांत झोपलंय, त्याचं डोकं मांडीवरून कसं—