बाबांच्या जाळ्यातल्या पुंगळ्या

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. माझ्या रायफलच्या परवान्यावर वर्षाला मिळणारी काडतुसं सरावाला दोन महिनेही पुरत नाहीत. पुढच्या महिन्यात नेमबाजीची राज्य स्पर्धा. मर्यादा वाढवून मागायला पालघरला कलेक्टर कचेरीत गेले, तर कारकून विचारतो, "एवढ्या गोळ्या कुणावर झाडणार, मॅडम?" म्हटलं, कागदावर हो, कागदी लक्ष्यावर! मग म्हणे, आधी झाडलेल्या सगळ्या रिकाम्या पुंगळ्या आणून दाखवा.

मुरब्याला घरी येऊन पुंगळ्यांचा डबा उघडला. रिकामा! बाबा शांतपणे म्हणाले, "त्या ना? जाळ्याला वजन म्हणून लावल्या. पितळ हाय, गंजत नाय."

आता ओरडू कुणावर? डबा अंगणात ठेवला कुणी? मीच.

उद्या ते जाळंच त्या कारकुनाच्या टेबलावर टाकते. ओलं, माशांच्या वासासकट. बस मोजत म्हणावं.