भाऊजींचं पक्षांतर

चँडलर,
१४ सप्टेंबर

चि. सौ. सीमा हिस,
अ. उ. आ.

हातानं लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहोत. मी फोनवर काही टाइप केलं की ते तुझ्या ताईच्या आयपॅडवर आपोआप उमटतं, आणि हे प्रकरण नेमकं तिच्यापासूनच लपवायचंय. म्हणून हा जुना मार्ग. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

तर मी पक्षांतर करतोय. कॉलेजपासून मी पिवळ्या पट्ट्याच्या कॅमेऱ्याचा माणूस, त्यांच्या लेन्स पोटच्या पोरांसारख्या जपल्या. पण आता लाल रेघेच्या कंपनीत जायचं ठरवलंय, आणि त्याला कारण तुमच्या हॉलमधला गेल्या पाडव्याचा फोटो. तुझ्या हातात ओवाळणीचं ताट, आणि तू अशी हसतेयस की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. प्रतापरावांकडे लाल रेघेचा कॅमेरा आहे, हे मी विसरलेलो नाही.

माझ्याकडेही पाडव्याचे फोटो ढीगभर आहेत. मी पाटावर बसतो, मालिनी मला ओवाळते, मी क्लिक करतो. निरांजन सुरेख, ज्योत एकदम शार्प, आणि मागे मालिनी पासपोर्टच्या फोटोला उभी असल्यासारखी. परवा तिनं अल्बम मिटला आणि म्हणाली, उद्या नातवंडांना वाटेल आजी जन्मभर रुसलेलीच होती. चेष्टेत म्हणाली, पण मला ते लागलं गं. अगं, ती दिवसभर हसत असते. तुझ्याशी फोनवर बोलायला लागली की गॅरेजपर्यंत ऐकू येतं. ते हसू मला एकदा तरी फोटोत हवंय, आणि येत्या पाडव्यालाच हवंय. तेव्हा प्रतापरावांच्या कॅमेऱ्याचं मॉडेल गुपचूप काढून कळव.

केयाला गोड पापा. मी कंपनी बदलली तरी तू लोभ बदलू नकोस.

तुझा,
त्र्यंबक


श्रूजबरी,
२३ सप्टेंबर

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की प्रताप काय झालं म्हणून वरून धावत आला. तुमचं गुपित मी त्याला सांगितलेलं नाही, म्हणजे निम्मंच सांगितलंय.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी थोरल्या भाऊजींना म्हणणार नाही, आमच्या आईनं तसं शिकवलेलं नाही. पण प्रतापचा तो लाल रेघेचा कॅमेरा दोन वर्षं कपाटात पडलाय यार. बॅटरी मेलीय आणि चार्जर कुठाय ते देवाला ठाऊक. तो फोटो केयानं काढलाय, तिच्या तडा गेलेल्या फोनवर. प्रताप होता पाटावर. कुंकवात माझ्या हातून पाणी जास्त पडलं, टिळ्याचा ओघळ त्याच्या नाकाच्या शेंड्यावर आला. ओवाळणं चालू असताना पुसायचं कसं, म्हणून बिचारा दोन्ही डोळे नाकावर लावून तसाच बसला. समोर असं ध्यान बसल्यावर कोण हसणार नाही? केया तर फोटो काढता काढता इंग्रजीत बापाला म्हणत होती की प्लीज असाच राहा.

आणि तुम्ही पाटावर बसता कॅमेरा डोळ्याला लावून. ताई मला मागे म्हणाली होती की मी दरवर्षी भिंगालाच ओवाळते. टिळा लावायला नवऱ्याचं कपाळ सापडत नाही, कॅमेऱ्यालाच कुंकू लावू का असं विचारावंसं वाटतं तिला. भाऊजी, राग मानू नका, पण कंपनी कुठलीही असली तरी ताई हसणार कुणाकडे बघून? या वर्षी तो डबा जरा बाजूला ठेवा.

ताईच्या चकल्या पोचत्या करा, म्हणजे लोभ वाढेल.

तुमची,
सीमा


चँडलर,
६ ऑक्टोबर

चि. सौ. सीमा हिस,
अ. उ. आ.

फार महत्त्वाची माहिती दिलीस. केयाचा फोन कुठल्या कंपनीचा? आणि तडा लेन्सवर आहे की बाजूला? तड्यानं उजेड मऊ पडत असावा, असा माझा अंदाज आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच मी ऑर्डर करून बसलो होतो. नवा कॅमेरा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. आमच्या टीममधल्या प्रथमेशचं कार्ड घालून ट्रायल घेतली. माणसाचे डोळे आपोआप शोधून फोकस करतो, मीटिंगमधले सगळे झोपाळू डोळेसुद्धा त्यानं शोधले. जुना कॅमेरा लेन्ससकट एका तरुण पोराला विकला. मुलगी सासरी पाठवताना कराव्यात तशा त्याला चार सूचना केल्या, तर तो म्हणाला की अंकल, रिलॅक्स.

तुझा मुद्दा मात्र मला शंभर टक्के पटला. कपाळ मोकळं हवं. म्हणून या वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर, मी पाटावर, आणि रिमोट शेल्याखाली माझ्या मुठीत. ती बेसावध, मी सावध. हसली की दाबलं बटण.

यश येवो म्हणून तुमच्या गणपतीपुढे माझ्या नावची साखर ठेव, आणि लोभाचा फोकस हलू देऊ नकोस.

तुझा,
त्र्यंबक


चँडलर,
२४ ऑक्टोबर

चि. सौ. सीमास,
अनेक आशीर्वाद.

तुमचा पत्रव्यवहार मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पोस्टाची तिकिटं कुठल्या खणात आहेत, हे त्र्यंबकनं मलाच विचारलं होतं. मी म्हटलं, चालू दे पोरांचा खेळ.

तर पाडवा. मी ताट घेऊन आले तर हॉलमध्ये ट्रायपॉड, आणि पाटावर हा, शेला पांघरून, चोरासारखा. टिळा लावला, या वेळी कपाळ सापडलं. ओवाळायला लागले आणि कॅमेरा टुंई टुंई करायला लागला. आत कार्डच नव्हतं. ट्रायलचं कार्ड प्रथमेश घेऊन गेला होता आणि घरातलं जुनं एकही या कंपनीला बसत नाही. हा उठायला लागला. मी दटावलं की ओवाळताना पाटावरून उठायचं नसतं, मुकाट बस. फोन वर चार्जिंगला होता, जुना कॅमेरा परक्याच्या घरी. मग बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, कानात अजून उटणं, आणि चेहरा असा की परीक्षेला भलत्याच विषयाचा अभ्यास करून आलाय.

सीमे, मी जी हसत सुटले! ताटातली सुपारी आणि अंगठी दोन्ही सोफ्याखाली गेल्या. हसू आवरेना म्हणून ताट खाली ठेवायला गेले, तर म्हणाला की थांब, अजून ओवाळ. माझ्याकडे टक लावून बघत होता. हळूच म्हणाला की हेच, मला हेच हवं होतं. फोटो नाही मिळाला म्हणून वाईट वाटतंय का, विचारलं, तर म्हणाला की हो, भयंकर वाटतंय, म्हणून तर पाठ करून घेतोय. माझा हात भरून आला तरी मला थांबू देईना. इतक्या वर्षांत ओवाळताना मी त्याचे दोन्ही डोळे पहिल्यांदा पाहिले गं. आता हे सांगताना मला रडू येतंय, ते सोड.

ओवाळणीत घालायला खिशात काहीच नव्हतं, म्हणून त्यानं तो कॅमेराच ट्रायपॉडवरून काढून ताटात ठेवला. मीही घेतला. काल दुकानात जाऊन कार्ड आणलं.

चकल्या वेगळ्या पाठवतेय. प्रताप आणि केयाला आशीर्वाद, आणि तुझ्या ताईवरचा लोभ असाच चोरून वाढू दे.

तुझी,
मालिनीताई

ता. क. मी काढलेला पहिला फोटो सोबत आहे. मागच्या अंगणात त्र्यंबक चकली खाताना हसतोय. पण सगळा हललाय आणि कपाळ कापलं गेलंय. माझा हात अगदी स्थिर होता. प्रतापला जरा विचारून ठेव, पिवळ्या पट्ट्यावाल्यांकडे गेले तर फरक पडेल का?