निघताना काय म्हणायचं

ती. आईस,
लांबूनच पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

बाबांना सांग, ज्यांच्यात राहायचं त्यांची भाषा यायलाच हवी, हे मलाही पटतं. सुतारकामाची सगळी हत्यारं आता मी इथल्या लोकांच्याच भाषेत मागतो. पण गेल्या आठवड्यात काम संपवून घरी निघताना मुकादमाला सवयीनं 'येतो' म्हणालो, तेही त्यांच्या भाषेत. तो कारखाना उघडा ठेवून माझी वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "आधी भाषा शीक, मग रंधा धर."

अगं, भाषा आलीच होती. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे तू पाठीत धपाटा घालून शिकवलंस. ते कुठल्या वर्गात जाऊन विसरू? त्याला समजावायला गेलो, तर म्हणे, असलं सगळं घरी ठेवून यायचं. डोकंच फिरलं माझं. यांचं सगळं मी शिकायचं आणि माझं एक वाक्य ऐकायला यांना वेळ नाही.

आता रोज 'जातो' म्हणतो. मुकादम खूश आहे. माझी मात्र दारात पाठ आखडते, धपाटा बसेल म्हणून.

पत्र पुरे करतो. येतो गं.

तुझा धाकटा