एक बी अंक उरला न्हाई

अब्बा, घरात आपण दखनीच बोलायचो, पण आपला पेपर मराठी, म्हणून तुम्हाला मराठीतच लिहितेय. उद्यापासून तो बंद. मशीनवर आज सकाळी मीच ताडपत्री टाकली. दिल्लीच्या संघटनेला मी तीनदा लिहिलं होतं. देशभरातल्या वर्तमानपत्रांची ती संघटना; कागदावरचा कर, जाहिरातींचे दर, पेपरवाल्यांची गाऱ्हाणी सरकारपुढं मांडायचं काम तिचं. म्हटलं, लातूरसारख्या गावच्या पेपरांना आता कागद परवडत नाही, काहीतरी करा. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'आपले म्हणणे मंत्रालयास कळवले आहे.' आता राग तरी कुणावर काढू? कळवलंही असेल बिचाऱ्यांनी. तिकडं कुणी ऐकत नसेल, तर त्यांनी काय करायचं आणि मी काय करायचं?

तुम्ही असता तर डाफरला असता, "पत्रानं काय होतंय? समोर जाऊन उभं ऱ्हावं लागतंय!" संघटनेच्या सभेला तुम्ही दरवर्षी दिल्लीला जायचात. मी कॉलेजात असताना एकदा मलाही नेलंत. अम्मीनं धपाटे बांधून दिले होते आणि तुमच्या बॅगेत कपडे कमी, अंकच जास्त. सभा सुरू व्हायच्या आधी तुम्ही हॉलभर फिरताय, एकेका खुर्चीवर आपला एकेक अंक ठेवताय. मी लाजेनं अर्धी झालेय. "अब्बा, इथं मराठी कोण वाचणार?" "न वाचंनात का. लातूरला बी पेपर निघतो, एवढं तर दिसंल!" मग तुम्ही उठून लहान पेपरांच्या कागदाबद्दल आपल्या दखनी हिंदीत बोललात. पुढच्या रांगेतले दोघं हसले. तुम्हाला ते दिसलं की नाही, मला अजून माहीत नाही. सभा संपली, तुम्ही कुणाशी तरी बोलत चहाला गेलात आणि परत येऊन बघताय तर सगळ्या खुर्च्या मोकळ्या. तुम्ही माझं मनगट धरलंत. "बघ बेटा, एक बी अंक उरला न्हाई!"

गावात आल्यावर गंजगोलाईच्या बाजारात भेटेल त्याला तुम्ही हेच सांगितलंत. महिन्याभरात नांदेडच्या एका मोठ्या पेपरनं तुम्हाला लातूरचं काम बघायला बोलावलं. बांधलेला पगार, वर इज्जत. अम्मी रडकुंडीला आली, हो म्हणा म्हणून. तुम्ही हसलात. "दिल्लीवाले माझा पेपर घरी घेऊन गेले अन् मी दुसऱ्याची चाकरी करू?" मी तिथंच कांदा चिरत बसले होते. पुढचा कांदा घेतला. त्यानंतर तुम्ही हयातभर त्या मशीनपाशी राबलात, आणि तुमच्यामागं मी.

अब्बा, अंक कुणी नेले नव्हते. निम्मे खुर्च्यांखाली पडले होते, एकावर तर चहाचा कप. तुम्ही यायच्या आत मी सगळे गोळा करून जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबले. तुमचं पडलेलं तोंड मला बघवलं नसतं हो. हे पत्र कुठं टाकणार? आज स्टॉलवरून शेवटच्या अंकाचा गठ्ठा परत आला. लई उरलेत, अब्बा. पण ते मी टाकले नाहीत. घरी आणलेत.